‘वेलकम द स्ट्रेंजर’ मधला स्ट्रेंजर मराठीत कोण?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या एका सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, पत्रक मराठीत करायचंय, त्यात ‘आमचं काँग्रिगेशन रेफ्युजी आणि इमिग्रंट लोकांच्या पाठीशी आहे, वी वेलकम द स्ट्रेंजर’ असं काहीतरी आहे, तर स्ट्रेंजरला ‘अनोळखी’ चालेल का आणि रेफ्युजी म्हणजे शरणार्थी की निर्वासित.

अनोळखी नको. आपल्याकडे अनोळखी म्हटलं की पुढे ‘व्यक्तींपासून सावध राहा’ हेच येतं, सोसायटीच्या गेटवरच लिहिलेलं असतं.

मुळात हा स्ट्रेंजर इंग्रजी नाहीच, तोरातला, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातला, हिब्रू शब्द आहे ‘गेर’. गेर म्हणजे दुसरीकडून येऊन आपल्यात राहिलेला माणूस, पाहुणा नाही, वाटसरूही नाही, इथेच राहतो पण इथला नाही. मोशेने (इंग्रजीतला मोझेस) मुलाचं नाव गेर्शोम ठेवलं ते याच शब्दावरून, मी परक्या देशात गेर झालो म्हणून. तालमुदात, म्हणजे ज्यू पंडितांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, तर म्हटलंय की गेरला छळू नका हे तोरा ३६ वेळा बजावते, काहींच्या मते ४६ वेळा, आणि कारण पुन्हा पुन्हा एकच येतं, तुम्हीही मिसर देशात (इजिप्तमध्ये) गेर होतात, त्याच्या मनाला काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मराठी बायबलात याला परदेशी म्हटलंय, काही ठिकाणी उपरीही येतं. आणि उपरी हा शब्द मला भयंकर आवडतो कारण पेशवाईतल्या गावात मिरासदार आणि उपरी अशी जोडीच होती ना, मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची आणि गावच्या कारभारात त्याला मान, उपरी बाहेरून आलेला, कसायला जमीन घ्यायचा पण तो हक्क त्याला नाही. गेरचं अगदी तेच आहे, जमीन इस्राएलच्या वंशांमध्ये वाटलेली, गेरला त्यात वाटा नाही, म्हणूनच शेताच्या कडेचं पीक कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाला आणि गेरला राहू द्या असा नियम. इतका चपखल शब्द दुसरा नाही. पण आज पत्रकात ‘उपऱ्यांचं स्वागत’ छापलंत तर वाचणारा शिवी समजेल, आपल्या राजकारणाने त्या शब्दाची पार वाट लावलीय (परप्रांतीयचीही तीच गत), तेव्हा ‘परका’ त्यातल्या त्यात बरा. हिब्रूतही शब्द सरकलाय बरं का, आता गेर म्हणजे धर्म बदलून ज्यू झालेला, रेफ्युजीला पालीत म्हणतात आणि इमिग्रंटला मेहागेर, तो ऐकायला गेरसारखा पण धातू वेगळा.

रेफ्युजीला निर्वासितच म्हणा. शरणार्थी चूक नाही पण हिंदीची सवय आहे, मराठीत फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंध्यांना निर्वासितच म्हणत आलेत. शिवाय शरणार्थी म्हणजे काहीतरी मागणारा, निर्वासित म्हणजे ज्याला हाकललं तो, दोष कुठे आहे ते शब्दातच दिसतं. इमिग्रंटला स्थलांतरित, जरा पक्ष्यांसारखं वाटतं पण इलाज नाही. विस्थापित नको, ते वाचून आपल्याला कोयना आठवतं.

शब्दाने किती फरक पडतो बघा, हिटलरच्या काळात जर्मनी-ऑस्ट्रियातून मुंबईत आलेल्या ज्यूंसाठी इथल्या ज्यूंनी १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन काढली, आणि १९३९ ला युद्ध लागल्यावर त्याच निर्वासितांपैकी कित्येकांना इंग्रज सरकारने जर्मन म्हणजे शत्रुदेशाचे नागरिक म्हणून कॅम्पात टाकलं, मग त्यांना सोडवायला हीच संस्था धडपडत होती.

काँग्रिगेशनला ‘मंडळी’ नको, ते चर्चचं वाटतं. बेने इस्रायली लोक, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू, सिनेगॉगला मशीद म्हणायचे आणि तिथल्या समाजाला जमात, त्यांचा मुकादम असायचा, चौगुला असायचा, हे तर आपल्या गावगाड्यातलेच शब्द. पण आजच्या वाचकाचा मशीद शब्दाने गोंधळ होईल, म्हणून ‘सिनेगॉगची जमात’ किंवा सरळ ‘आमचा सिनेगॉग’.

आणि ‘पाठीशी आहे’ हे नुसतं बोलण्यापुरतं समजू नका. हायस नावाची जुनी ज्यू संस्था आहे, आधी ज्यू निर्वासितांसाठी होती, आता कुठल्याही धर्माच्या, तिच्याबरोबर सिनेगॉगमधल्या लोकांनी वेलकम सर्कल नावाचे गट केले, २०२१ ला अफगाण कुटुंबं आली तेव्हा घर शोधणं, फर्निचर गोळा करणं, मुलांची शाळा, डॉक्टर, नोकरी हे सगळं अशा गटांनी केलं. याची किंमतही मोजलीय. पिट्सबर्गच्या दोर हादाश या जमातीने ऑक्टोबर २०१८ मध्ये हायसच्या निर्वासितांसाठीच्या शब्बाथमध्ये (शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा पवित्र दिवस) भाग घेतला, आणि लगेच पुढच्या शनिवारी, २७ तारखेला, हायसवर राग असलेल्या एका बंदूकवाल्याने ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगच्या इमारतीत शिरून ११ जणांना मारलं, दोर हादाशसह तीन जमाती तिथे प्रार्थनेला जमायच्या. म्हणून ‘स्वागत’ हा शब्द मला इथे लग्नपत्रिकेसारखा वाटतो. मराठीत ‘थारा देणं’ आहे की. मी असं लिहीन: ‘आमची जमात निर्वासितांच्या आणि स्थलांतरितांच्या पाठीशी आहे. परक्याला आम्ही थारा देतो.’ फार रांगडं वाटलं तर थाराऐवजी आसरा करा, पण स्वागत आणि अनोळखी दोन्ही काढाच.