रोजचं कॅफीन मोजायचं कसं? ४०० मिलिग्रॅम म्हणजे नक्की किती कप?

तुम्ही लिहिलंय की दिवसाला चार कप होतात, म्हणजे दिवसाच्या चारशे मिलिग्रॅम कॅफीनच्या मर्यादेच्या आतच असणार, तरीही रात्री दोन-दोन तास झोप लागत नाही. मीही बरीच वर्षं असेच कप मोजत होतो, म्हणून कळकळीने सांगतो, आधी कप मोजणं सोडा. कप हे माप नाहीच.

माझं झालं ते असं. इन्स्टंट कॉफीचा एक चमचा म्हणजे साठेक मिलिग्रॅम कॅफीन, असं मी धरून चाललो होतो. पण तो आकडा दोन ग्रॅम पावडरीचा आहे. एका सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामा मग ठेवला, काटा शून्यावर आणला आणि रोजच्या सवयीने चमचा रिकामा केला. आकडा आला ४ ग्रॅम. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. चमचा शिगोशीग भरायचा माझा हात. इन्स्टंट पावडरीच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे माझा प्रत्येक मग १२० चा निघाला. असे तीन, वर काळ्या चहाचे दोन मोठे मग. बेरीज साडेचारशेच्या पुढे. आणि डोकं दुखलं की मी जी गोळी घेत होतो, तिच्या पाकिटावर बारीक अक्षरात कॅफीन ६५ मिलिग्रॅम असं छापलेलं होतं. ते तर माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

बाकी पेयांचे आकडे ढोबळच घ्या. २४० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ९५ च्या आसपास, तेवढ्याच काळ्या चहात ४५-५०, ग्रीन टीत तीसेक, एस्प्रेसोच्या एका शॉटमध्ये साठ-पासष्ट, कोलाच्या ३५५ मिलिलिटर कॅनमध्ये ३५ च्या जवळपास. २५० मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकमध्ये बहुधा ८०, पण तिथे डब्यावरचाच आकडा लिहा. कॉफीत फरक फार पडतो, कारण कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टाच्या बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. शंका आली की मोठा आकडा धरावा.

आता मर्यादेचं. युरोपियन फूड सेफ्टी ऑथॉरिटीने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत चिंतेचं कारण नाही असं म्हटलं. हे 'एका वेळी २००' बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी अख्ख्या दिवसाचे २००. मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम. तीस किलोच्या मुलाला म्हणजे ९० झाले, एनर्जी ड्रिंकच्या एका छोट्या कॅनने ते जवळजवळ संपतात. घरात मुलं असतील तर एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा.

पण तुमची तक्रार झोपेची आहे, आणि माझ्या मते तुमचं उत्तर बेरजेत कमी आणि घड्याळात जास्त आहे. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, त्याने झोप येते. कॅफीन त्याचीच जागा अडवून बसतं. शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायला सरासरी पाच तास लागतात. दुपारी चारला घेतलेल्या १२० पैकी रात्री नऊला ६० उरतात आणि दोन वाजता ३०. हा वेळ माणसागणिक दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत बदलतो. धूम्रपान करणाऱ्यांचं कॅफीन लवकर उतरतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचं जवळपास दुप्पट वेळ टिकतं. म्हणून मैत्रिणीला रात्री नऊची कॉफी चालते म्हणून तुम्हालाही चालेल असं नाही.

नोंदीसाठी मी फ्रिजवर एक कागद लावला होता. वेळ, काय आणि किती, मिलिग्रॅम, शेवटी रात्री झोप कधी लागली. अ‍ॅप वापरणार असाल तर त्यातला तयार 'एक कप' निवडू नका, आपला मग एकदा मापून त्याचाच आकडा भरा. आणि प्यायल्याबरोबर लिहा. रात्री आठवून लिहिलं की एखादा चहा हमखास गळतो. माझ्या कागदावर दहा दिवसांत चित्र स्पष्ट झालं, चारनंतर काही घेतलेल्या प्रत्येक रात्री झोप बारानंतरची होती.

आकडा जास्त निघाला तर एकदम बंद करू नका. बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं आणि हा त्रास आठवडाभरही चालू शकतो. मी सुरुवातीला फक्त चमचा सपाट केला, चव फारशी बदलली नाही. नंतर संध्याकाळचा मग डिकॅफचा, म्हणजे कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीचा केला. त्यातही थोडं कॅफीन असतं, तेही लिहायचं. छातीत धडधड होत असेल, गरोदर असाल किंवा रोजची औषधं चालू असतील, तर तोच कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. काही औषधांमुळे कॅफीन अंगात खूप जास्त वेळ राहतं, आणि तुमच्या नोंदी समोर असल्या की त्यांना ते चटकन कळेल.