मतं ढीगभर, पॅशन कुठाय?

"मॅडम, याला कशाचीच पॅशन नाही. मतं मात्र विचारू नका, ढीगभर!"

चिंचवडहून आलेल्या एका आईने खुर्चीत टेकता टेकता हे सांगितलं आणि शेजारी बसलेल्या 23 वर्षांच्या मुलाने मान खाली घातली. मी करिअर समुपदेशक आहे. हेच वाक्य थोड्याफार फरकाने मी किती आयांकडून, वडिलांकडून आणि खुद्द मुलांकडून ऐकलंय, त्याची गणती नाही. म्हणून त्या दोघांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही हकिगत लिहिते आहे.

मुलगा बी.कॉम. झालेला. नंतर डिजिटल मार्केटिंगचा 3 महिन्यांचा कोर्स केला, त्यात मन रमलं नाही. मग ॲनिमेशनला प्रवेश घेतला, 80 हजार भरले आणि चौथ्या महिन्यात जाणं बंद केलं. वडील भोसरीला एका कंपनीत. पैसे गेल्यापासून ते मुलाशी कामापुरतंच बोलत होते. आई म्हणाली, "एक ना धड भाराभर चिंध्या. अमेरिकेतली बास्केटबॉलची मॅच असली की पहाटे साडेपाचला गजर न लावता उठतो. मुलाखत असली की तीनदा हाका माराव्या लागतात."

अशा वेळी मी आधी दुसऱ्याच गोष्टीची खात्री करून घेते. झोप, जेवण, मित्र, आणि आवडत्या गोष्टीत अजून मजा येते का. आवडीच्या गोष्टीही दोन-दोन आठवडे नकोशा वाटत असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर तो करिअरचा प्रश्न नसतो. तिथे आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं लागतं. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी आलेल्या प्रत्येक कुटुंबाला लिहून देते. या मुलाचं तसं नव्हतं. पहाटे मॅच बघायला जो आनंदाने उठतो, त्याच्यातली ओढ मेलेली नाही, एवढं तर आईच्या तक्रारीतूनच कळत होतं.

आईला बाहेर बसवल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मला माझी पॅशन सापडत नाहीये."

"सापडत नाहीये" या शब्दापाशी मी थांबले. जणू ती कुठल्या तरी फडताळात तयार ठेवलेली आहे आणि नेमकं फडताळ उघडलं की झालं. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. त्यांनी विद्यार्थ्यांना कृष्णविवरांबद्दलचा एक सुरेख व्हिडिओ दाखवला. सगळे भारावले. मग त्याच विषयावरचा किचकट वैज्ञानिक लेख वाचायला दिला. आवड ही तयारच असते, आपण ती फक्त शोधायची, असं मानणाऱ्यांचा उत्साह तिथे जास्त ओसरला. आवड हळूहळू घडत जाते असं मानणारे त्यापेक्षा बरे टिकले. आमच्या या मुलाचं दोन्ही कोर्समध्ये हेच झालं होतं. पहिला महिना छान, दुसऱ्या महिन्यात विषय किचकट झाला की लगेच मनात निकाल तयार: ही आपली पॅशन नव्हेच.

पहिल्या भेटीत मीही एक चूक केली, तीही सांगते. त्याचं बास्केटबॉलचं वेड बघून मी स्पोर्ट्स मॅनेजमेंट, क्रीडा पत्रकारिता, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकांचा डिप्लोमा असं धडाधड सुचवत गेले. तो नम्रपणे "हो मॅडम, बघतो" म्हणाला. या "बघतो"चा अर्थ मला कळतो. जाताना मी विचारलं, ॲनिमेशनच का घेतलं होतंस? म्हणाला, "लहानपणी पोगो हे कार्टूनचं चॅनेल सोडून काही बघितलंच नाही. वाटलं, तेच आवडत असणार."

घरी जाताना बसमध्ये उमगलं. त्याने टीव्हीवरून थेट ॲनिमेशन काढलं होतं, मी बास्केटबॉलवरून थेट क्रीडाक्षेत्र. चूक दोघांची एकच. आम्ही आवडीचं नाव तेवढं वाचलं. त्या आवडीत तो नेमकं करतो काय, हे विचारलंच नव्हतं.

मार्क सॅविकस या अमेरिकन करिअर मानसशास्त्रज्ञांनी मुलाखतीची एक पद्धत बसवली आहे. त्यात साधे प्रश्न असतात: लहानपणी कोण आवडायचं, कुठले कार्यक्रम किंवा मासिकं आवडतात, पुस्तकातली किंवा सिनेमातली आवडती कथा कुठली, कुठलं वाक्य मनात घर करून आहे, सगळ्यात जुन्या आठवणी कोणत्या. उत्तरांतल्या नावांना फार महत्त्व नसतं. कुठला धागा पुन्हा पुन्हा येतो, ते बघायचं. दुसऱ्या भेटीत मी तेच करायचं ठरवलं, पण प्रश्नपत्रिका काढली नाही. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या दोन दिग्गजांची नावं घेऊन नुसतं विचारलं, "जॉर्डन की लेब्रॉन?"

पोरगा ताठ बसला. माझ्या टेबलावरचा कागद ओढून त्याने मधोमध रेघ मारली. मला वाटलं, आता सहा विजेतेपदं विरुद्ध चार असा नेहमीचा वाद सुरू होणार. त्याने विजेतेपदांना हातच लावला नाही. म्हणाला, "मॅडम, आधी नियम बघा." 1994 ते 1997 या तीन हंगामांत एनबीएने तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून बास्केट केली की दोनऐवजी तीन गुण मिळतात) आत आणून 22 फुटांवर ठेवली होती, एरवी समोरून ती 23 फूट 9 इंचांवर असते. जॉर्डनची तीन गुणांच्या नेमबाजीची 1995-96 ची टक्केवारी 42.7, आणि सगळ्या कारकिर्दीची 32.7. मग पलीकडच्या रकान्यात: चेंडू घेऊन येणाऱ्याला हाताने अडवायची जी मोकळीक जॉर्डनच्या काळात होती, ती 2004 नंतर जवळजवळ गेली, म्हणजे लेब्रॉनच्या आकड्यांनाही हा शेरा लावायलाच हवा. वीस मिनिटं तो बोलत होता. शेवटी म्हणाला, "मोठा कोण ते मला खरंच माहीत नाही. पण कुठल्या नियमात झाला ते न सांगता आकडा तोंडावर फेकायचा, ही फसवणूक आहे."

हे वाक्य मी त्याच्या फाइलमध्ये जसंच्या तसं लिहून ठेवलं.

मग टीव्ही. पोगोवर सर्वांत जास्त काय बघायचास? ताकेशीज कॅसल हा अडथळ्यांच्या खेळांचा जपानी कार्यक्रम, जावेद जाफरीच्या हिंदी कॉमेंट्रीवाला. आता हा कार्यक्रम आठवला की त्या वयाची सगळी मुलं हसायला लागतात. चिखलात पडणारी, दगडावरून घसरणारी माणसं आठवतात. हा हसला नाही. "मला राग यायचा," म्हणाला. का रे? "हिशोब लागायचा नाही." तो वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवायचा: सुरुवातीला एवढे लोक, या खेळात एवढे बाद, पुढे एवढे गेले. पुढच्या खेळात आकडा जमायचाच नाही. मूळ जपानी कार्यक्रम कापून दाखवतात, हे त्याला पुष्कळ नंतर कळलं. तोवर दुसरी-तिसरीतलं ते पोर दर वेळी नव्याने बेरीज मांडत होतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, मला वाटायचं हा वह्या नासतोय. दोनदा धपाटे घातलेत मी त्यासाठी."

"आणि तू स्वतः खेळायचास?" मी विचारलं. खेळायचा, कॉलेजच्या संघात बारावा खेळाडू. बहुतेक वेळ बेंचवर. एकदा स्कोअरर आला नाही म्हणून सरांनी गुण लिहायच्या टेबलवर बसवलं, आणि तो तिथेच रमला. ही गोष्ट त्याने आईला कधी सांगितलीच नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं.

स्कोअरशीट मी कधी पाहिली नव्हती. त्याने मोबाइलवर दाखवली. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या शाईने. बास्केट झाली की चालू गुणसंख्येच्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. तीन गुणांची असेल तर त्या नंबराभोवती गोल. फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला, भरीव ठिपका. हे दाखवताना त्याचं बोट कागदावरून सरकावं तसं काचेवरून सरकत होतं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, एका सामन्यात बोर्डावर आमच्या कॉलेजचे दोन गुण जास्त लागले होते. चेंडू थांबल्यावर त्याने बझर वाजवला आणि पंचांना शीट दाखवून गुण कमी करायला लावले. सामना हरले. दोन दिवस संघातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही.

"वाईट वाटलं?"

"बोलले नाहीत त्याचं वाटलं. बझरचं नाही."

मी तिन्ही गोष्टी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. काही बोलले नाही. बराच वेळ बघून तो म्हणाला, "लिहिलेलं आणि घडलेलं जुळतंय का." मग एकदम चेहरा पडला. "म्हणजे ऑडिट? पण ते तर पप्पा बारावीपासून सांगतायत. सीए कर, सीए कर."

खरं घोडं इथे अडलं होतं. पुढच्या रविवारी वडील आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी म्हणत होतो तेच ना?" मी म्हटलं, नाही. तुम्ही पदवीचं नाव सांगत होता, बिल्डिंगमधला एक मुलगा सीए झाला म्हणून. तो एका कामाबद्दल बोलतोय, त्याला स्वतःला सापडलेल्या कामाबद्दल. हे तुमच्या खात्यात जमा करू नका, नाहीतर तो उद्याच सोडून देईल. त्यांना राग आला असावा. पण चहा संपेपर्यंत ते गप्प बसले आणि निघताना मुलाला म्हणाले, "बाईक घेऊन जा, मी रिक्षाने येतो." या घरात चार महिन्यांनी झालेलं ते पहिलं बिनकामाचं बोलणं.

आम्ही कुठल्याही परीक्षेचा फॉर्म भरला नाही. ओळखीतल्या एका सीएंच्या ऑफिसात 3 महिने मदतनीस म्हणून जायचं ठरलं, आणि मुदत आधीच ठरवली. धरसोडीवर माझा एवढा एकच उपाय आहे: सोडायचं की नाही हे कंटाळा आलेल्या दिवशी ठरवायचं नाही, ठरलेल्या तारखेला ठरवायचं. त्यावर तो म्हणाला, "जॉर्डनने पण बास्केटबॉल सोडून बेसबॉल धरला होता." मी म्हटलं, बरोबर, आणि किती सामने खेळला? त्याला पाठच होतं. 1994 मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्स या संघाकडून 127, फलंदाजीची सरासरी .202. म्हणजे चांगला जमत नसतानाही हंगाम पुरा केला आणि मग 1995 च्या मार्चमध्ये बास्केटबॉलकडे परतला. तो हसला. पहिल्यांदाच.

पहिले तीन आठवडे नुसती व्हाउचर तपासणं आणि जीएसटीच्या नोंदी. रोज रात्री मेसेज यायचे. तळ्यात की मळ्यात, एवढाच सूर. चौथ्या आठवड्यात त्याला चाकणच्या एका गोदामात स्टॉक मोजायला पाठवलं. दुपारी फोन आला, मागे फोर्कलिफ्टचा आवाज. "मॅडम, बिन कार्डवर 412 आणि रॅकमध्ये 397!" बिन कार्ड म्हणजे गोदामातल्या मालाच्या आवक-जावकीची नोंद. पंधरा नगांचा तो फरक त्याने संध्याकाळपर्यंत शोधला. उत्पादनाच्या लाइनवर दिलेल्या मालाची एक स्लिप कार्डवर चढवायची राहिली होती. चोरीबिरी काही नव्हती. पण तो शोध सांगताना त्याचा आवाज जॉर्डन-लेब्रॉनच्या दिवशी होता तसाच होता.

पालक मला विचारतात, मग आम्ही घरी काय विचारायचं? "तुला काय आवडतं" हे विचारू नका, मुलं या प्रश्नाला कंटाळलेली असतात. मुलगा ज्या गोष्टीवर तावातावाने भांडतो, त्यावर एकदा त्याच्याशी मनापासून भांडा. मुलगी लहानपणी टीव्हीसमोर बसून हाताने काय करत असायची, ते आठवा. एकीला कार्यक्रमातल्या बाईचे कपडे कागदावर काढायची सवय असेल, एखादा जाहिरातींची नक्कल करून घर हसवत असेल. आणि तो धागा हाती लागला तरी त्याला लगेच कोर्सचं नाव चिकटवू नका. आवडीवर संशोधन करणाऱ्या सुझान हिडी आणि ॲन रेनिंजर यांनी 2006 मध्ये आवड पक्की होण्याचे चार टप्पे मांडले आहेत, आणि सुरुवातीच्या टप्प्यांत तिला बाहेरचा आधार लागतो असं म्हटलं आहे. नेमक्या त्याच वेळी आपण घरात "मग, ठरलं का तुझं?" विचारत असतो.

तीन महिन्यांनी ठरलेल्या तारखेला तो आला. अजून 6 महिने करतो म्हणाला. बी.कॉम.ला 58 टक्के आहेत, त्यामुळे सीए इंटरमीडिएटला, म्हणजे सीएच्या दुसऱ्या टप्प्याला, थेट प्रवेश मिळू शकतो. 55 ची अट आहे, हे त्याने स्वतःच शोधून काढलं होतं. फॉर्म मात्र भरलेला नाही, आणि वडिलांनी विचारलेलं नाही. विचारायचं नाही हे त्यांना किती जड जात असेल, याची मला कल्पना आहे.

रविवारी तो स्पर्धांना टेबलवर बसतो. परवा त्याने शीटचा फोटो पाठवला. तिसरा क्वार्टर, लाल शाई, 47 वर तिरकी रेघ, शेजारी 11 नंबर आणि त्याभोवती गोल. खाली एवढंच लिहिलं होतं: "बोर्ड चुकला होता मॅडम. शीट बरोबर."