हौशी की-व्हॅल्यू सर्व्हर: सुरुवात हॅश टेबलापासून करावी का?

गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, सुट्टीत रेडिससारखा (नावाखाली म्हणजे 'की'खाली व्हॅल्यू मेमरीत साठवणारा) छोटा सर्व्हर लिहायचाय आणि की वरून व्हॅल्यू झटकन शोधून देणारं हॅश टेबल आधी स्वतः लिहावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नको. भाषेत तयार मिळतो तो मॅप (की-व्हॅल्यू जोड्यांचा साठा) बिनधास्त वापरा, हॅश टेबल नंतर कधीही बदलता येतं. खरी मेहनत सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कवरून डेटा घेण्या-देण्यावर आहे आणि शिकायला मिळतं तेही तिथेच.

टीसीपी (सर्व्हर आणि क्लायंट ज्यावरून बोलतात तो नेटवर्क प्रोटोकॉल) तुम्हाला मेसेज देत नाही, बाइट्सचा सलग ओघ देतो. क्लायंटने एक कमांड पाठवली म्हणून एका रीडमध्ये ती अख्खी हाती लागेलच असं नाही. कधी अर्धीच येते, कधी तीन एकदम चिकटून येतात. स्वतःच्याच मशीनवर चालवताना हे सहसा दिसत नाही, म्हणून मुद्दाम एकेक बाइट सुटा पाठवणारी टेस्ट लिहा. प्रत्येक कनेक्शनला वेगळा बफर (आलेले बाइट्स तात्पुरते ठेवायची जागा) ठेवा. आलेलं त्यात जोडत जा, पूर्ण कमांड सापडली तरच उचला, उरलेलं तसंच राहू द्या.

प्रोटोकॉल स्वतःचा काढत बसू नका. रेडिसचा रेस्प हा प्रोटोकॉल घ्या, म्हणजे रेडिसचा तयार कमांड-लाइन क्लायंट थेट तुमच्या सर्व्हरशी बोलेल. रेस्पमध्ये कमांडच्या आधी ताऱ्याचं चिन्ह (*) आणि तुकड्यांची संख्या, मग प्रत्येक तुकड्याआधी डॉलरचं चिन्ह आणि लांबी. ही लांबी बाइट्समध्ये असते. व्हॅल्यू म्हणून 'पणजी' ठेवून बघा: दिसायला तीन अक्षरं, पायथॉनचं लांबी मोजणारं लेन ४ सांगतं (जी आणि तिची वेलांटी वेगळी मोजून), पण यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये ते १२ बाइट्स आहेत. उत्तरात ४ लिहिलंत तर क्लायंट एक अक्षर आणि पुढचा एक बाइट वाचून थांबतो आणि तिथून पुढे सगळाच घोळ. इंग्रजी डेटावर टेस्ट करणाऱ्यांना हे कित्येक दिवस कळत नाही.

पिंग, सेट, गेट, डिलीट या कमांड झाल्या की एक्स्पायरी, म्हणजे ठरावीक मुदतीनंतर की आपोआप नाहीशी होणं. सुरुवातीला की वाचताना मुदत तपासली तरी पुरे.

मग लॉग. प्रत्येक बदल फाइलच्या शेवटी लिहायचा आणि सुरू होताना तो पुन्हा चालवायचा. प्रोसेस मारून बघितली आणि डेटा परत आला, एवढ्यावर समाधान मानू नका. फाइलमध्ये राइटने लिहिलेलं आधी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेमरीत असतं, प्रोसेस मेली तरी ते वाचतं. वीज गेली तर मात्र एफसिंक (डेटा डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल) न झालेलं जाऊ शकतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही, तेव्हा इन्व्हर्टर नसलेल्या एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर हे जरूर करून बघा, मात्र त्यात कामाचं काही ठेवू नका. शेवटची नोंद अर्धवट सापडली तर तेवढीच टाकून द्या, सर्व्हर सुरू झालाच पाहिजे. दर कमांडला एफसिंक केलं तर वेग फार पडतो. रेडिसमध्ये दर सेकंदाला एकदा करायची सोय आहे, तीच घ्या.

थ्रेड्सच्या (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक कामं चालवण्याच्या) नादी इतक्यात लागू नका. रेडिसमध्येही कमांड एकच थ्रेड चालवतो. भाषा हाताखालची असेल ती चालेल. रेडिसचे कर्ते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनीही पहिला नमुना टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेतच केला होता, सी भाषेत नंतर लिहिला. गो ही भाषा घेतलीत आणि प्रत्येक कनेक्शनला वेगळी गोरूटीन (हलका थ्रेड) दिलीत तर मॅपला म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावा. दोन गोरूटीननी एकदम त्यात लिहिलं तर अख्खा प्रोग्राम बंद पडू शकतो, आणि ती चूक गोमधल्या रिकव्हरने (कोसळणारा प्रोग्राम सावरायच्या सोयीने) सावरता येत नाही.