भाचा म्हणतो रॅम टाका, दुकानदार म्हणतो नवीन घ्या

प्रश्न: दादा, आमचं बार्शीत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे पेपर, सगळं पेजमेकरमधे. 2014 साली असेंबल करून घेतलेला पीसी आहे, आय थ्री फोर्थ जनरेशन, 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्ड डिस्क, विंडोज 10. सकाळी चालू केला की चहा होऊन कप धुऊन झाले तरी नीट उघडत नाही, आणि लाईट गेली की तारीख मागे जाते. दुकानदार म्हणतो यात विंडोज 11 जात नाही, हा संपला, नवीन घ्या. भाचा म्हणतो रॅम टाका. आणि आमच्या मिस्टरांना एकजण जुना आय सेव्हन स्वस्तात देतोय. काय करू? लग्नसराई तोंडावर आलीय.

उत्तर: ताई, तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण आधी मशीन नेमकं कुठं अडतंय ते तर बघू. उद्या सकाळी पीसी चालू केला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समधे जा. माझा अंदाज असा की प्रोसेसर निवांत बसलेला असेल आणि डिस्क 100 टक्क्यांवर चिकटलेली असेल. म्हणजे बिचारा आय थ्री कामाला तयार आहे, पण अकरा-बारा वर्षं फिरणारी ती हार्ड डिस्क त्याला माल पुरवत नाहीये. तिथं एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली वेगवान डिस्क, टाकली की चहा व्हायच्या आत मशीन तयार. मागताना अडीच इंची साटा एसएसडी असंच सांगा, कारण ती चपटी पट्टीसारखी एनव्हीएमई मिळते ती तुमच्या बोर्डावर सहसा बसत नाही, आणि लोक नेमकी तीच घेऊन येतात.

रॅम टाका, पण नवीन महागडी नको. तुमच्या मशीनला डीडीआर थ्री लागते आणि ती उद्याच्या नव्या मशीनमधे चालणार नाही, त्यामुळे सेकंडहँड 4 जीबीची एक स्टिक मोकळ्या स्लॉटमधे बसवा, पुरे. त्याआधी विंडोज 32 बिट नाहीये ना हे बघा, आपल्याकडं जुनी सॉफ्टवेअरं चालावीत म्हणून बरेच जण 32 बिट टाकून देतात आणि मग वाढवलेली रॅम त्याला दिसतच नाही. एसएसडीचं तसं नाही, ती पुढच्या मशीनमधे सोबत नेता येते. म्हणून जुन्या मशीनवर पैसा घालताना मी एवढंच बघतो, ही वस्तू पुढं माझ्याबरोबर येणार का. ग्राफिक कार्ड, प्रोसेसर वगैरे कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

तारीख मागे जाते तो आजार नाहीच, बोर्डावरचा 2032 नंबरचा बटन सेल संपलाय. किरकोळ किमतीत मिळतो. आणि तारीख चुकली की बँकेच्या साईटही उघडत नाहीत, लोक नेट खराब म्हणून बसतात. कॅबिनेट उघडलाच आहे तर ब्लोअर मारून घ्या, डीटीपीच्या दुकानात कागदाची भुकटी पंख्यावर नमद्यासारखी बसलेली असते, फक्त ब्लोअर मारताना पंख्याचं पातं पेनानं अडवून धरा, गरागरा फिरू देऊ नका.

आता विंडोज. दुकानदार खोटं बोलत नाही, विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, तुमच्याकडं ते दोन्ही नाही. जुगाड करून टाकून देणारे भेटतील, चालतंही, पण अशा मशीनला पुढं अपडेट मिळतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, नाव नोंदवणाऱ्यांना जादा सिक्युरिटी अपडेटची सोय केली ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. म्हणून माझं म्हणणं, ही लग्नसराई याच मशीनवर काढा, बँकेची कामं मोबाईलवर करा, गिऱ्हाईकांचे पेनड्राईव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडू नका, आणि नव्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला लागा.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुमची फाँटं आणि त्यांचं डोंगल, म्हणजे फाँट चालायला कॉम्प्युटरला लावावी लागते ती छोटी किल्ली. माझ्या हातून एकदा एका पत्रिकावाल्याचं मशीन फॉरमॅट झालं, फायली सगळ्या जपून ठेवल्या होत्या पण फाँट फोल्डर राहिला, आणि दहा वर्षांच्या पत्रिका उघडल्या तर श्री गणेशाय नमःच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. तो माणूस काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हा एसएसडी टाकताना जुनी डिस्क क्लोन करून घ्या, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, फॉरमॅट नको, आणि जुनी डिस्क पुसू नका, खोक्यात घालून ठेवा. क्लोन करायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावून बघा, पिवळं दाखवलं तर बाकी सगळं सोडून आधी पत्रिकांच्या फायली आणि फाँट दुसरीकडं कॉपी करा. नवीन मशीन घ्यायच्या वेळी डोंगल खिशात घालूनच दुकानात जा आणि तिथंच लावून बघा, जुन्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही.

राहिला मिस्टरांचा आय सेव्हन. त्यांना म्हणावं नुसतं आय सेव्हन ऐकून भुलू नका, पुढचा आकडा विचारा. 3770 असेल तर तो 2012 सालचा, तुमच्या आय थ्रीपेक्षा पळेल जोरात पण जन्मानं त्याच्याही आधीचा, आणि विंडोज 11 त्यालाही नाहीच. 8 नं सुरू होणारा चार आकडी नंबर किंवा त्यापुढचा असला तर मात्र कळवा, मग भावाचं बोलू. आणि हो, मॉनिटर तोच ठेवा, नव्या मशीनला निळी व्हीजीए पिन नसली तर एचडीएमआयचा कन्व्हर्टर मिळतो.