जठर काढल्यावर घरचं पहिलं जेवण

सगळ्यात आधी ताट बाजूला ठेवा आणि वाटी घ्या. जठर काढल्यावर अन्न साठवायची पिशवीच उरत नाही, त्यामुळे पूर्वीचे तीन वेळचे जेवण आता सहा ते आठ वेळा, अर्धी-अर्धी वाटी. भूक लागायची वाट पाहू नका, ती लागेलच असं नाही, घड्याळ लावा.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे 'ताकद यावी' म्हणून ग्लुकोजचं पाणी, उसाचा रस, गोड शिरा. साखर थेट आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते आणि दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. असं झालं तर घाबरू नका, पेशंटला थोडा वेळ आडवं होऊ द्या आणि काय खाल्लं होतं ते वहीत लिहा.

दुसरी चूक जेवताना पाणी. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडून, घोट-घोट.

प्रथिनं मात्र सोडू नका. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७२ ते ९० ग्रॅम लागतात. एका अंड्यात जेमतेम सहा. म्हणून वाटीत आधी अंडं, पनीर किंवा घट्ट मूगडाळ, मऊ भात नंतर. (नुसती पेज म्हणजे पाणीच हो.)

वजन आठवड्याला एकदाच करा. बी-१२ चं इंजेक्शन कधीपासून, हे पहिल्याच तपासणीत विचारून घ्या. पूर्ण जठर काढलं असेल तर ते जन्मभर लागतं. ताप, सतत उलट्या किंवा वाढती पोटदुखी असेल तर आहारात प्रयोग न करता थेट सर्जनला फोन.

लोह, कॅल्शियम, पावडरी यांचं पुढे बघू.