घरकुलावर श्रमदान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर मुळशी तालुक्यात आहे. गावातल्या एका कुटुंबाला घरकुल मंजूर झालंय. आम्ही पन्नास जण आहोत. घर बांधून देता येईल का?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : सात दिवसांत घर होत नाही. पाया आधीच तयार असेल तर जोत्याची (जमिनीपासून फरशीपर्यंतच्या चौथऱ्याची) भरणी मात्र होते, आणि ती नीट केलीत तर त्या कुटुंबाचे बरेच पैसे वाचतात. ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. तेवढ्या जागेत पन्नास जण मावत नाहीत, कुणाच्या तरी पायावर फावडं बसेल. बारा-बारा जणांच्या पाळ्या लावा. बाकीच्यांनी वाळू चाळावी, विटा भिजवाव्यात, माल वाहायला साखळी करावी.

जोतं दीड फूट भरायचं तर ठोकून साधारण ४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम बसतो. सुटा मागवताना ५ ब्रास सांगा. थर सहा इंचांचा, त्यावर पाणी शिंपडायचं, मग धुम्मसाने ठोकायचं. एकदम दीड फूट भरून वरून ठोकलं तर वरचे चार इंच तेवढे घट्ट होतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर फरशी खचते. पायातून निघालेली काळी माती भरणीत अजिबात टाकू नका.

भिंतीचे कोपरे गवंड्यानेच उचलायचे. त्याने दोरी ताणली की मधल्या विटा तुम्ही लावू शकता, ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायची वजनाची दोरी) मात्र त्याच्या हातात. दिवसाला पाच फुटांपेक्षा जास्त भिंत चढवू नका. खालचा ओला माल दबतो आणि भिंत ओळंब्यातून जाते. सळई बांधणं आणि सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू) यांना हात लावू नका. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, आणि ते दोन-तीन तासांनी कळतं. म्हणून रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच. चपला घालून कुणी कामावर आलं तर त्याला विटा भिजवायला बसवा.

प्रश्न : दौंडकडे आमचं नवं घर आहे. दोनच वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या. सिमेंट भरलं, उन्हाळ्यात परत उघडल्या.
– एक वाचक, दौंड

उत्तर : काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यातच थांबला असेल तर घराची एक बाजू वर उचलली जाते, दुसरी बसते. भेग कितीही भरली तरी माती हलायची थांबत नाही. आता करता येण्यासारखं एवढंच : घराभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करा, मोरीचं आणि पागोळ्यांचं पाणी पाइपने लांब न्या, भिंतीला लागून मोठं झाड ठेवू नका. त्यानंतर वर्षभर भेगेच्या दोन्ही कडांवर पेन्सिलची खूण करून अंतर मोजत राहा. ते वाढत असेल तर इंजिनिअरला दाखवा.

नवं घर बांधणाऱ्यांनी घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावं. मुरूम फारच खोल असेल तर पाइल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) आणि जोत्याचा बीम, पण त्याचं डिझाइन इंजिनिअरकडूनच. जोत्याला आणि लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला) सलग आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा पट्टा घ्या. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) या दोन भूकंपांनंतर या पट्ट्यावर पैसे वाचवायला महाराष्ट्रात कुणाला मन होऊ नये.

प्रश्न : स्लॅबच्या दिवशी मुकादम मिक्सरमध्ये पाइपने पाणी सोडतो. पातळ माल चांगला पसरतो, असं म्हणतो. आम्ही काय बोलावं?
– स्वयंसेवकांचा एक गट, येरवडा

उत्तर : बोला, आणि आदल्या दिवशीच बोला. स्लॅबच्या दिवशी कुणी ऐकत नाही. जास्तीचं पाणी वाळून गेलं की मागे बारीक पोकळ्या राहतात आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. एम-२० या दर्जाच्या काँक्रीटसाठी सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी धरा, ३० लिटरच्या वर कधीच नाही. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) ओली असेल तर आणखी कमी. पाइप काढून घ्या आणि खूण केलेली बादली द्या. वाळू-खडी घमेल्याने मोजू नका, प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा फर्मा करा. त्यात एका गोणीइतका, म्हणजे ३५ लिटर माल मावतो. गोणीमागे वाळूचे दीड फर्मे, खडीचे तीन.

भिंतींसकट ३० चौरस मीटरच्या पाच इंची स्लॅबला सुमारे ३० गोण्या लागतात. सगळ्या आधीच जागेवर हव्यात. मधेच सिमेंट संपलं तर तिथे जोड राहतो आणि तोच गळतो. ओतण्यापूर्वी एका स्वयंसेवकाने फक्त कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे छोटे ठोकळे) बघावेत. सळईखाली २० मिलिमीटर जागा नसेल तर ती काही वर्षांत गंजते, फुगते आणि खालचा पापुद्रा डोक्यावर पडतो. जाळीवर चालायला फळ्या टाका. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून तो परत वापरू नका.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी (छोटे बांध) बांधून दोन इंच पाणी भरा. ओपीसी (साध्या) सिमेंटला निदान सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) दहा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, पण तो हिशेब ओपीसीचा. पीपीसी हळू जोर धरतं, म्हणून आम्ही चौदा दिवस सांगतो. याच दिवसांत श्रमदानाची गरज सर्वांत जास्त असते आणि नेमके तेव्हाच सगळे घरी गेलेले असतात. पाणी मारायच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावा.

प्रश्न : देणगीत चाळीस गोण्या सिमेंट मिळालं, काम दिवाळीनंतर. ठेवू का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नको. पावसाळ्यात तीन महिन्यांत त्याचा बराच जोर जातो. दुकानदाराशी बोलून आता चालू असलेल्या कामावर द्या आणि नंतर ताजं घ्या. बोटाने न फुटणारे खडे असलेली गोणी स्लॅबला वापरूच नका.

प्रश्न : कुटुंबाने स्वतः कामावर यायलाच हवं का? त्यांची रोजंदारी बुडते.
– एक कार्यकर्ती, हडपसर

उत्तर : यायला हवं, पण कामाचे तास त्यांना जमतील तसे. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था १९७६ पासून घर मिळणाऱ्या कुटुंबाचे श्रमही त्याचा वाटा धरते. मात्र डोक्यावर घमेलं घेणं म्हणजेच श्रम नव्हेत. आजींनी सामानाची वही ठेवली, रात्रपाळीच्या माणसाने सकाळी स्लॅबवर पाणी भरलं, तर तेही तासांत धरा. घरच्या बाईला मात्र स्लॅब ओतायच्या आधी एक दिवस जागेवर बोलवाच. ओटा कुठे, पंख्याचा हूक कुठे, बटणं कोणत्या उंचीवर, हे तिने उभं राहून दाखवायचं आणि खडूने खूण करायची. वायरचे पाइप सळईच्या जाळीबरोबरच बसतात. काँक्रीट पडल्यावर बदल म्हणजे छिन्नी घेऊन नवा स्लॅब फोडणं.