ट्रॉमा थेरपिस्टकडे पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागतं का?

नाही, अजिबात नाही. माझ्या अपघातानंतर मी दीड वर्ष अशा थेरपिस्टकडे, म्हणजे मनावरच्या आघातावर उपचार करणाऱ्यांकडे, जात होते. पहिले दोन महिने अपघाताचा विषयसुद्धा निघाला नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडलेला क्रम आजही पुष्कळजण पाळतात: आधी सुरक्षित वाटणं, मग आठवणी आणि त्यांचं दुःख, मग पुन्हा माणसांत मिसळणं.

माझ्या मॅडमनी आधी विचारलं ते झोपेचं, जेवणाचं, पाठदुखीचं. खुर्ची दार दिसेल अशी हवी का, हेही विचारलं. (मला हवी होती.) रस्त्यावर करकचून ब्रेक लागला की मी थिजायचे. तेव्हा त्या म्हणायच्या, "तळपाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तू मला सांगा." साधं वाटतं, पण धोका टळलाय हे शरीराला पटायला मला तेच उपयोगी पडलं.

आणखी एक. जात, धर्म, लिंगओळख, घरची ओढाताण हे सगळं उपचारात यायलाच हवं. जातीवरून झालेला अपमान कुणी "मनावर घेऊ नका" म्हणून उडवून लावत असेल, तर थेरपिस्ट बदला, संकोच करू नका.

फी झेपत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.